अनोळखी चेहरा आणि जाहिरातीची नीती

आजच्या संपर्कमाध्यमांच्या युगात छायाचित्र काढणे जितके सोपे झाले आहे, तितकेच ते जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवणेही सोपे झाले आहे. बाजारात, यात्रेत वा धर्मग्रामाच्या सणात नकळत टिपलेला चेहरा उद्या एखाद्या जाहिरातीत झळकू शकतो. हे नीतीला धरून आहे काय? यासंदर्भात एक घटना विचारात घेण्याजोगी आहे. तिचा आरंभ चर्चच्याच एका उपक्रमात झाला.

२००७ साली अमेरिकेतील टेक्सस राज्यात चर्चच्या वतीने मोटारी धुण्याचा एक उपक्रम झाला. तेथे एका अल्पवयीन मुलीचे छायाचित्र तिच्या युवा मार्गदर्शकाने काढले आणि ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर ठेवले. त्याने निवडलेल्या परवान्यानुसार, छायाचित्रकाराचे नाव देऊन कोणीही ते वापरू शकत होते; अगदी व्यापारासाठीही! काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियात ‘व्हर्जिन मोबाइल’ कंपनीच्या जाहिरातीत ती मुलगी झळकली. सोबत ‘पत्रमैत्रीला सोडचिठ्ठी द्या’ अशा अर्थाचा मजकूर होता. मुलीची वा तिच्या पालकांची परवानगी कोणी घेतली नव्हती. कुटुंबाने दावा दाखल केला. परंतु ऑस्ट्रेलियातील कंपनी आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही, या कारणास्तव टेक्ससमधील न्यायालयाने २००९ साली तो फेटाळला. मुलीवर अन्याय झाला की नाही, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.

येथे दोन हक्कांची गल्लत झालेली दिसते. छायाचित्राचा स्वामित्वहक्क ते काढणाऱ्याचा असतो. परंतु चेहरा ज्याचा, त्याचा त्यावरील हक्क निराळा असतो. छायाचित्रकार पहिला हक्क देऊ शकतो, दुसरा नाही.

हा वाद जुनाच आहे. न्यूयॉर्कमध्ये एका पिठाच्या जाहिरातीसाठी एका तरुणीचे चित्र तिच्या संमतीविना सुमारे २५,००० प्रतींत छापले गेले. १९०२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिच्या विरोधात निर्णय दिला. त्यावर जनतेने तीव्र नाराजी व्यक्त केली आणि १९०३ साली जाहिरातीसाठी लेखी संमती आवश्यक ठरवणारा कायदा त्या राज्यात झाला. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात, संमतीविना एखाद्याचे नाव वा चेहरा जाहिरातीसाठी वापरणे हा खासगीपणाचा भंग होय, असे म्हटले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले.

तथापि कायदा जेथे थांबतो, तेथे विवेकाचे काम संपत नाही. व्हॅटिकनच्या तत्कालीन सामाजिक संपर्कमाध्यम परिषदेने १९९७ साली जाहिरातींच्या नीतिमत्तेविषयी दस्तऐवज प्रसिद्ध केला. सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे त्यात मांडली आहेत. या निकषांवर पाहता, वस्तूशेजारी छापलेला चेहरा त्या वस्तूची जणू साक्ष देतो. ज्याने ती साक्ष दिलीच नाही, त्याच्या तोंडी ती घालणे हे असत्य होय. त्याला न विचारता विक्रीचे साधन बनवणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा अवमान होय. आणि याची झळ बहुधा त्यांनाच बसते, ज्यांना आपले चित्र कोठे लागले आहे हे कधी कळतही नाही: बालके, मजूर, रस्त्यावर झोपणारे.

हाच निकष आपल्यालाही लागू होतो. देणग्यांच्या आवाहनपत्रकावर एखाद्या गरीब मातेचा वा रुग्णाचा चेहरा छापताना आपला हेतू चांगला असतो. पण चांगला हेतू म्हणजे तिची संमती नव्हे. म्हणून शिबिरांची व सणांची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी मुलांच्या पालकांना विचारावे. छायाचित्र कोठे व कशासाठी वापरले जाणार, हे संबंधितांना त्यांच्या भाषेत सांगावे. कोणी नकार दिल्यास तो कारण न विचारता मान्य करावा. प्रत्येक मनुष्य परमेश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे, अशी आपली श्रद्धा आहे. त्या प्रतिमेचा आदर तिच्या छायाचित्रापासूनच सुरू व्हायला हवा.