चैतन्य, जाणीव आणि गुरुत्वाकर्षण

जबलपूरच्या चेरीतालमधील एखाद्या घराच्या उंबरठ्याचा दगड एकाच वेळी दोन ठिकाणी का आढळत नाही, हा प्रश्न पुंजयामिकीला अवघड जातो. तिच्या समीकरणांत अशा दुहेरी अवस्थेला मज्जाव नाही. लायोश डिओशी (१९८७) व पुढे रॉजर पेनरोज यांनी उत्तर गुरुत्वाकर्षणात शोधले : वस्तुमान जितके अधिक, तितकी ही अवस्था लवकर कोसळते. इथवर हे निव्वळ भौतिकशास्त्र होय. पेनरोज व स्टुअर्ट हॅमेरॉफ यांनी पुढे जाऊन मज्जापेशींतील सूक्ष्मनलिकांत घडणारे हे कोसळणे म्हणजेच जाणीव, असे मांडले. मेंदूच्या उबेत अशा अवस्था क्षणार्धाच्याही आत विरतात, हा मॅक्स टेगमार्क यांचा आक्षेप (२०००) वजनदार आहे. ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगाने २०२० साली या उपपत्तीचे सर्वांत साधे रूप बाद ठरविले. मूळ कल्पना त्याने निकालात निघाली नाही.

हे मराठीत मांडताना ‘चैतन्य’ हा शब्द सहज लेखणीतून उतरतो, आणि तेथेच घोटाळा होतो. ‘अमृतानुभवा’तील चिद्विलासात जग हेच चैतन्याचे स्फुरण आहे, पेनरोज यांची जाणीव ही प्रथिनांच्या नळ्यांत घडणारी, मोजता येण्याजोगी घटना. भाषांतरकाराने ‘जाणीव’च लिहावे. तो शब्द निदान अद्वैताला साक्षीला बोलावीत नाही.