आधी डोळा, मग नेम

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातवाने फराळाचे ताट रिकामे होण्याआधीच विषय काढला. "आजोबा, आपल्या रानात एअरसॉफ्ट खेळू द्याल का? इथल्या पाच मित्रांना हा खेळ शिकवायचा आहे." पुण्यातील सोबत्यांमुळे त्याला या खेळाची गोडी लागली होती आणि केजमधील आपल्या शाळासोबत्यांचा एक नवशिका संघ बांधावा, अशी त्याची इच्छा होती. हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी मी चष्मा काढला आणि त्याला माझ्या डाव्या डोळ्यावर विजेरीचा उजेड पाडायला सांगितले.

त्या डोळ्याची बाहुली गोल नाही. मी नऊ वर्षांचा असताना विटीदांडू खेळताना उडालेली विटी तेथे लागली. रक्त फारसे बाहेर आले नाही, म्हणून घरातील मोठ्यांनी धीर धरला. कुणी मध घातला, कुणी तुपाची घडी ठेवली. चौथ्या दिवशी बीडला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा डोळ्याच्या आत रक्त साचून दाब वाढलेला होता. दृष्टी पूर्ण गेली नाही. पण त्या डोळ्याने मी पुन्हा कधी पुस्तकाचे पान वाचू शकलो नाही. चाळीस वर्षांनी त्याच डोळ्यात काचबिंदू निघाला. त्याचे मूळ त्या जुन्या माराशीच जोडलेले आहे, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले.

नातवाला मी परवानगी दिली, मात्र एक अट घातली. शिकवणी माझ्या देखरेखीखाली होईल आणि पहिल्या दिवशी बंदुकीला कोणी हात लावणार नाही. त्या चार सकाळींतून जे हाती आले, ते वाचकांसाठी, विशेषतः घरात तरुण नातवंडे असलेल्या ज्येष्ठांसाठी, येथे मांडत आहे.

हा खेळ आहे तरी काय?

एअरसॉफ्टचा उगम जपानमध्ये १९७० च्या दशकात झाला. तेथे सामान्य नागरिकाला खरे पिस्तूल बाळगता येत नाही. म्हणून हौशी मंडळींसाठी प्लास्टिकची गोळी फेकणाऱ्या प्रतिकृती निघाल्या. गोळी ६ मिलिमीटर व्यासाची आणि साधारणतः ०.२ ग्रॅम वजनाची असते. दोन संघ झाडाझुडपांच्या किंवा भिंतींच्या आडोशाने एकमेकांना टिपतात. पेंटबॉलमध्ये अंगावर रंगाचा डाग उमटतो. येथे कसलीच खूण राहत नाही. त्यामुळे ज्याला गोळी लागली त्याने स्वतः हात वर करून "लागली" म्हणायचे आणि मैदानाबाहेर जायचे, हा या खेळाचा कणा आहे. आट्यापाट्यांत पाटीवर उभा असलेला गडी स्पर्शावरून वाद घालू शके. येथे वादाला जागाच नाही, कारण लागल्याचे खात्रीने ठाऊक असते ते केवळ ज्याला लागले त्यालाच.

हे ऐकून हा खेळ निरुपद्रवी वाटेल. म्हणून थोडे गणित पाहू. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा सुमारे १ ज्यूल भरते. कातडीवर तिचा लाल वळ उठतो आणि दोन दिवसांत जातो. डोळ्याला मात्र ना कातडी आहे ना हाड. भुवईचे आणि गालाचे हाड मोठ्या चेंडूला अडवते. सहा मिलिमीटरची गोळी त्या चौकटीतून सरळ बुबुळापर्यंत पोहोचते. पापणी मिटेपर्यंत ती लागून गेलेली असते. आत रक्तस्राव होणे, भिंग ढळून मोतीबिंदू होणे, दृष्टिपटल फाटणे किंवा सुटणे, हे सारे एका गोळीने घडू शकते.

ज्येष्ठ वाचकांना १९८७ सालचे 'रामायण' आणि त्यापाठोपाठ १९८८ मध्ये सुरू झालेले 'महाभारत' आठवत असेल. गल्लोगल्ली मुले काड्यांचे धनुष्यबाण घेऊन फिरत होती आणि बाणाने डोळा जखमी झालेली मुले घेऊन पालक नेत्ररुग्णालयांत येत होते. नेत्रतज्ज्ञांनी त्या काळी या जखमांची वैद्यकीय नियतकालिकांत नोंदही केली. खेळणे बदलले, डोळा तोच आहे.

चार सकाळींचा अभ्यास

सोयाबीन काढलेले आमचे रान वस्तीपासून दूर आहे. धसकटे पायात घुसतात आणि विंचूकाट्याचे भय असतेच. म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सर्वांना सक्तीचे केले.

पहिल्या सकाळी केवळ नियम शिकवले. हातातील साधन सदैव भरलेले आहे असे समजावे. नळीचे तोंड जमिनीकडे असावे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर राहावे. मैदानाबाहेर येताना गोळ्यांची मॅगझिन काढावी, जमिनीकडे एक कोरडा बार करून नळी रिकामी असल्याची खात्री करावी आणि नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवावी. सहाही जणांनी रिकाम्या काठ्या घेऊन ही क्रिया वीस वीस वेळा केली. मुले कंटाळली, पण सवय कंटाळ्यातूनच लागते.

त्याच दिवशी गॉगल तपासले. नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल हे संरक्षण नव्हे. काच फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जातात. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी बंद आणि मागे पट्टा असलेला गॉगल हवा. युरोपीय मानक ईएन १६६ प्रमाणे ज्या गॉगलवर 'बी' ही खूण असते, तो ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने आदळवून तपासलेला असतो. दात आणि ओठ वाचवण्यासाठी संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा अधिक चांगला. चरे पडलेला गॉगल मी दोघांना बदलायला लावला.

दुसऱ्या सकाळी दहा मीटरवर वर्तमानपत्राचे कागद टांगून नेमबाजी झाली. मागे जुनी चादर बांधली होती, म्हणजे गोळ्या रानात विखुरल्या नाहीत. प्लास्टिकच्या गोळ्या गुरांच्या चाऱ्यात जाऊ नयेत, ही काळजी शेतकऱ्याच्या घराने घेतलीच पाहिजे. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि मग चाप हळू दाबावा, एवढे जमले की नवशिक्याचाही नेम सुधारतो.

तिसऱ्या सकाळी जोड्या पाडल्या. एकाने पुढे सरकावे, दुसऱ्याने लक्ष ठेवावे. बोलण्याऐवजी हाताच्या खुणा वापराव्यात. फार जवळून गोळी मारायची नाही. सहा-सात पावलांच्या आत प्रतिस्पर्धी सापडला तर नुसते "धरला" म्हणायचे, हा नियम घोटवला. चौथ्या सकाळी दहा दहा मिनिटांचे तीन डाव झाले. एक लांब शिट्टी म्हणजे सर्वांनी जागीच थांबणे. शेवटच्या गड्याची मॅगझिन निघेपर्यंत कोणीही गॉगल काढायचा नाही.

खेळण्यातली बंदूक आणि रस्त्यावरची माणसे

ही प्रतिकृती दुरून खऱ्या शस्त्रासारखीच दिसते. २०२४ च्या अखेरीपासून आपल्या बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांचा विषय किती गाजला, हे वाचकांस सांगायला नको. अशा वातावरणात मोटारसायकलीवर अशी वस्तू मिरवणारा मुलगा स्वतःवर आणि इतरांवर संकट ओढवून घेतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या साधनांना शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम लागू होऊ शकतात. शिवाय सण व निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास बंदीचे आदेश निघतात. म्हणून खरेदीपूर्वीच पोलीस ठाण्यात विचारावे, पावती जपावी, खेळाच्या दिवशी जागा कळवावी आणि साधन बंद पिशवीतूनच न्यावे. त्याचे छायाचित्र काढून समाजमाध्यमांवर टाकणे तर कटाक्षाने टाळावे. आमच्या मुलांनी हे चारही दिवस पाळले.

ज्येष्ठांची जागा कोठे?

"तुम्ही कशाला उन्हात बसता?" असे सूनबाई म्हणाल्या. परंतु संघाला निष्पक्ष पंच हवा असतो आणि वेळ असलेला माणूस घरात आजोबाच असतो. खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, शिट्टी आणि वही एवढे साहित्य मला पुरले. सकाळी आठ ते दहा ही वेळ नेमली. उन्हाळ्यात केजच्या उन्हात हा खेळ नकोच. चार दिवस सहा तरुणांशी गप्पा झाल्या, त्याने मनाला जी तरतरी आली ती औषधाच्या गोळीने येत नाही.

काही पथ्ये मात्र आवश्यक आहेत. पंचाने आणि प्रेक्षकांनीही गॉगल घालावाच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला डोळा माराला अधिक नाजूक असतो. काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा आजार असल्यास आधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लहान माराचाही रक्तस्राव लांबतो. धावण्याच्या डावात ज्येष्ठांनी उतरू नये; खुर्चीत बसून कागदावर नेम धरण्यास हरकत नाही. उत्तर प्रदेशातील जोहडी गावच्या चंद्रो तोमर नातीसोबत नेमबाजीच्या केंद्रावर गेल्या आणि साठी उलटल्यावर स्वतःच पिस्तूल नेमबाजी शिकून स्पर्धांत पदके मिळवू लागल्या, हे उदाहरण प्रसिद्ध आहे.

एखाद्या मुलाला नेमाचीच खरी ओढ असेल, तर त्याला रीतसर नेमबाजीकडे वळवावे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूर जिल्ह्यातील मंडळी त्याच वाटेने गेली.

डोळ्याला लागलेच तर

डोळा चोळू नये, दाबू नये. नुसती धूळ गेली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावे. मार लागला असेल तर धुऊही नये. मध, तूप, दूध, गुलाबपाणी किंवा घरातील जुने थेंब घालू नयेत. काही रुतलेले असेल तर ते ओढून काढू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकता त्यावर झाकणासारखा ठेवून हलकेच चिकटवावा. डोके उंच ठेवून बसवावे. वेदनेसाठी ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरीन नियमित घेणाऱ्या ज्येष्ठांनी ती डॉक्टरांना विचारल्याविना बंदही करू नये. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने खाणेपिणे थांबवावे. धूसर दिसणे, बुबुळावर रक्ताची पातळी दिसणे, बाहुली वेडीवाकडी होणे, विजेसारखे चमकणे, नजरेसमोर पडदा येणे, ओकारी होणे, यांपैकी एक जरी लक्षण असेल तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. केजकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. जखम भरल्यावरही त्या डोळ्याचा दाब दरवर्षी, जन्मभर तपासावा. मी तो फार उशिरा तपासला.

शेवटच्या डावात एका मुलाच्या गॉगलवर घामाची वाफ धरली. तो जिंकण्याच्या बेतात होता. त्याने गॉगल वर सारला नाही. दोन्ही तळहात गॉगलवर ठेवून तो खाली बसला आणि मोठ्याने "थांबा" म्हणाला. माझी शिट्टी वाजण्यापूर्वीच बाकीच्या पाचही नळ्या जमिनीकडे वळल्या होत्या. वहीत त्या डावाचा निकाल मी लिहिला नाही. "संघ तयार" एवढेच लिहिले आणि पुढच्या सुट्टीत रान खुले असल्याचे नातवाला सांगितले.