नोंद गेली तर हिशेब कोणाचा?



गाळप, उतारा आणि ऊसदर हे विषय या अंकात नेहमीच येतात. या खेपेला आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आपला ऊस काट्यावर येतो, पावती हातात पडते. पण ती नोंद पुढे राहते कुठे? तर कार्यालयातल्या संगणकात. शेअर्स, वारसनोंद, तोडणीची तारीख, बिलातल्या कपाती, सगळे तिथेच. तो संगणक एका रात्रीत निकामी झाला तर?

'असं कशाला होईल?' असे म्हणणाऱ्याने बोर्ली पंचतनकडे पाहावे. श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळचे हे गाव. तिकडे ऊस नाही, नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आले. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले, मोबाइल मुके झाले. तालुक्यातल्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. मग पंचनामे आले, आणि पंचनाम्याला लागतो कागद. ट्रंकेत भिजून लगदा झालेला सात-बारा काय कामाचा? पण सात-बाराची नोंद राज्याच्या संगणकावरही होती, गावापासून लांब. झाड पडले, तरी मालकाचे नाव पुसले गेले नाही.

हेच वादळ पुढे घाट चढून पुणे जिल्ह्यातही शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने महापूर पाहिला. शिवाय शॉर्टसर्किट आहे, उंदीर आहेत, आणि फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारे विषाणूही आहेत. म्हणून नोंदीची एक नक्कल यंत्राबाहेर आणि आवाराबाहेर हवीच.

अशा नकलेसाठी टेप अजून टिकून आहे. गाण्याच्या कॅसेटचीच ही थोरली बहीण. अर्धा इंच रुंदीची फीत, नव्या टेपेत किलोमीटरभर लांब. २०२१ साली आलेल्या एलटीओच्या नवव्या पिढीत एका टेपेवर १८ टेराबाइट मावतात. कपाटात ठेवलेल्या टेपेपर्यंत विषाणू पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या काही ग्राहकांची टपाल-खाती रिकामी झाली. डिस्कवरच्या नकलाही त्याच दोषात सापडल्या. शेवटी टेपेवरून पत्रे परत आणावी लागली. मोठ्यांची ही गत, मग आपली काय कथा!

संगणकावर लिनक्स असेल तर वेगळा कार्यक्रम विकत घ्यावा लागत नाही. 'टार' नावाची आज्ञा त्यात असतेच. तिचे नावच 'टेप आर्काइव्ह', म्हणजे टेपेवरचे दप्तर, यावरून पडले. मेख मात्र एक आहे. लिनक्स एकाच टेप-यंत्राला दोन नावांनी ओळखतो: 'एसटी-शून्य' आणि 'एनएसटी-शून्य'. पहिली आपल्या एसटीसारखी, काम झाले की गाडी माघारी डेपोत. म्हणजे फीत उलटी गुंडाळून पहिल्या टोकाला. दुसरी जिथे थांबली तिथेच उभी राहते. सोमवारची नक्कल घेतली, आणि मंगळवारची त्याच टेपेवर पहिल्या नावाने घेतली, की सोमवारची गेलीच म्हणून समजा! मागोमाग नकला ठेवायच्या तर दुसरे नाव वापरावे, आणि टेप पुन्हा चढवली असेल तर आधी 'एमटी' या आज्ञेने फीत शेवटच्या नोंदीच्या पुढे न्यावी.

बाकीचे नियम घरातल्या धान्याच्या कणगीसारखे सोपे आहेत:

१. रोजची, आठवड्याची आणि महिन्याची टेप वेगळी असावी. जाणकार त्यांना मुलगा, बाप, आजोबा म्हणतात.

२. टेपेवर तारीख लिहावी, खटका सरकवून ती लिखाणाला बंद करावी आणि थंड, कोरड्या जागी ठेवावी.

३. एक टेप दुसऱ्या गावी असावी. संगणकाशेजारच्या कपाटातली टेप पुरात संगणकाबरोबरच बुडते.

४. जुन्या टेपा वाचणारे यंत्र मोडीत काढण्याआधी त्या नव्यावर उतरवाव्यात. आठव्या पिढीचे यंत्र सातवीची टेप वाचते, सहावीची वाचत नाही.

५. सर्वांत मोठा नियम: टेप वाचून पाहावी. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर चार-दोन खाती उतरवून ती पावतीशी ताडावीत. न वाचलेली टेप म्हणजे न उघडलेले बियाण्याचे पोते. उगवेल की नाही हे पेरल्यावरच कळायचे.

हे काम संगणक विभागाचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. टनाचा हिशेब आपला, घाम आपला, तर नोंदीची चौकशीही आपणच करायची. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारतो, तसेच आणखी दोन विचारावेत: टेप कुठल्या गावी आहे, आणि ती शेवटची कधी वाचून पाहिली? उत्तर तारखेसह मागावे. आणि हो, काटापावत्या घरी जपून ठेवाव्यात. तीही एक नक्कलच आहे.