आजारी नसताना जाण्याचा दवाखाना

प्राथमिक आरोग्य केंद्रात काय मिळते, असे गावातील माणसाला विचारले तर बहुधा दोन उत्तरे मिळतात. ताप-खोकल्याच्या गोळ्या मिळतात, हे पहिले. आणि बाळंतपण होते, हे दुसरे. उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. या केंद्रात चालणाऱ्या कामाचा मोठा हिस्सा आजारी नसलेल्या, निदान स्वतःस आजारी न समजणाऱ्या माणसांसाठी असतो. दीड महिन्याचे बाळ, तिसरा महिना लागलेली सून, शेतावर दिवसभर राबणारा आणि कधी अंथरुणाला न खिळलेला चाळिशीचा गृहस्थ हे तिथले खरे अपेक्षित पाहुणे होत. दुर्दैव असे की, बाळ वगळले तर नेमकी हीच माणसे केंद्राची पायरी वेळेवर चढत नाहीत. मुदतीपूर्वी मोडल्या जाणाऱ्या ठेवींच्या आणि तारण म्हणून येणाऱ्या दागिन्यांच्या मागे घरातील एखादे अचानक उद्भवलेले दुखणे किती वेळा असते, हे बँकेच्या ग्रामीण शाखांतील कर्मचाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. त्यांतील काही दुखणी अचानक उद्भवलेली नसतात. ती फक्त अचानक कळलेली असतात.

प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना स्वातंत्र्यापूर्वीची आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. उपचार आणि प्रतिबंध ही दोन कामे एकाच छपराखाली, लोकांच्या घरापासून शक्य तितक्या जवळ व्हावीत, असा त्या अहवालाचा आग्रह होता. १९५२ साली सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमाबरोबर ही केंद्रे देशभर उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, त्याच्या हाताखाली अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष पुढे ठरला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती आली आणि केंद्राचा हात थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला. २०१८ पासून या केंद्रांची आणि उपकेंद्रांची कामे वाढविण्यात आली, उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. २०२३ पासून या संस्था ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखल्या जातात. नाव बदलले तरी गावकऱ्यांच्या तोंडी मात्र अजून ‘सरकारी दवाखाना’च आहे.

लसीचा वार आणि नऊ तारीख

लसीकरणाचे दिवस गावोगावी ठरलेले असतात. त्या दिवशी आरोग्यसेविका निळसर पेटीतून लसी घेऊन उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत येतात. या पेटीमागची व्यवस्था पाहण्यासारखी असते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात. उष्णतेने लस खराब होते हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु पेंटाव्हॅलंट किंवा धनुर्वाताविरुद्धची लस गोठली तरीही निकामी होते, हे फारसे कुणाला माहीत नसते. म्हणून केंद्रातील खास शीतपेटीचे तापमान सुटीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ नोंदविले जाते. लसीच्या कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. कुपीला उष्णता लागत जाईल तसतसा चौकोन गडद होतो. तो वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरावयाची नाही, असा दंडक आहे. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईलाही हे चिन्ह पाहण्यास मागता येईल, इतके ते सोपे आहे.

जन्मतःच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब यांचे डोस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. नंतर नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला, असा क्रम चालतो. दीड वर्षाच्या सुमारास द्यावयाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर यांच्याकडे मात्र पालकांचे दुर्लक्ष होते. मूल तोवर चालू-बोलू लागलेले असते, अंगाने भरलेले असते. त्याला आता कसली सुई, असा समज असतो. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. निरोगी दिसणाऱ्या मुलांनाच वर्षानुवर्षे थेंब पाजल्याचे ते फळ आहे.

गरोदर स्त्रियांसाठी महिन्याची ९ तारीख राखून ठेवलेली असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून चौथ्या महिन्यापुढील गरोदर स्त्रियांची या दिवशी डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी आणि रक्तातील साखर यांपैकी एकही तपासणी वरकरणी महत्त्वाची वाटत नाही. तथापि गरोदरपणात वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच त्रास देत नाही आणि मग एके दिवशी झटके येतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेली स्त्री घरातील सारे काम उरकत असते. ‘थोडा थकवा’ एवढीच तिची तक्रार असते. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव तिच्या शरीराला पेलत नाही. अशा जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण होते आणि तिचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करण्याची तजवीज आधीच करता येते. नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, असा आरोग्यसेविकांचा तगादा असतो तो याचसाठी. ‘दिवस गेल्याचे इतक्या लवकर बाहेर सांगू नये’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा संकेत या एका बाबतीत तरी बाजूला ठेवावयास हवा.

रक्तदाबाचे कार्ड

केंद्राच्या साऱ्या सेवांत सर्वांत कमी देखणी, पण कदाचित सर्वांत मोलाची सेवा म्हणजे रक्तदाब मोजणे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१.३ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तो काबूत ठेवण्यासाठी त्या औषधे घेत होत्या. म्हणजे जवळजवळ दर चार-पाच प्रौढांमागे एक. या विकाराला लक्षण नसते, आणि लक्षण दिसते तेव्हा ते पक्षाघाताच्या, हृदयविकाराच्या किंवा निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या रूपाने दिसते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र व राज्य सरकारे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत हाती घेतला. पंजाब, मध्य प्रदेश, तेलंगण आणि केरळ यांच्याबरोबर महाराष्ट्रही त्यात होता. सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे येथील जिल्हे. उपक्रमात नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. मोजक्या, स्वस्त गोळ्यांचा एक ठरलेला क्रम; त्या गोळ्यांचा साठा संपणार नाही याची दक्षता; रुग्णाला एका वेळी महिन्याभराची औषधे; प्रत्येकाचे एक कार्ड; आणि ठरल्या दिवशी न आलेल्या माणसाचा शोध. इतकेच. २०२२ मध्ये या उपक्रमाची संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्कारासाठी निवड झाली.

महिन्याभराची औषधे एकदम देणे ही बाब क्षुल्लक वाटेल. तशी ती नाही. पूर्वी आठ-दहा दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावण्याची रीत होती. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडते, तो माणूस दोन खेपा घालतो आणि तिसऱ्या खेपेस येत नाही. बरे वाटत असताना गोळी का घ्यावी, हा प्रश्न तर त्याच्या मनात असतोच. गोळी घेतो म्हणून रक्तदाब ताब्यात आहे, आणि तो ताब्यात आहे म्हणून बरे वाटते, ही साखळी समजावून सांगण्यास डॉक्टरांपेक्षा आशाताईच अधिक उपयोगी पडते, असा अनेक केंद्रांचा अनुभव आहे. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले आणि रक्तदाब व मधुमेहाची औषधे रुग्णांच्या घरी पोहोचविणारी योजना सुरू केली.

फुकटच्या औषधाला गुण नसतो, हा समजही येथे आड येतो. केंद्रात मिळणारी रक्तदाबाची गोळी आणि शहरातील दुकानातून घेतलेली गोळी यांतील औषध एकच असते. फरक वेष्टनाचा आणि किमतीचा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे शुल्कही बंद झाले. त्यापेक्षा एक इंजेक्शन टोचून घेतले किंवा सलाईन लावून घेतले की पैसे वसूल झाले, असे मानणारा मोठा वर्ग आजही आहे. ज्या डॉक्टरने सुई दिली नाही तो डॉक्टर कसला!

केंद्रांचे चित्र सर्वत्र गुलाबी आहे, असे नाही. कुठे डॉक्टरांची जागा रिक्त असते, कुठे प्रयोगशाळा तंत्रज्ञ नसतो, कुठे नेमकी हवी ती गोळी संपलेली असते. एकदा रिकाम्या हाती परतलेला रुग्ण पुन्हा सहजासहजी येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. परंतु अशा साध्या केंद्रात बसून एक डॉक्टर काय करू शकतो, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश त्या काळी अनेकांचा, विशेषतः मुलांचा जीव घेत असे. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. ती निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला. प्राझोसिन हे मुळात रक्तदाबावरचे औषध. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्या नोंदींना लागले होते ते रक्तदाबाचे यंत्र, घड्याळ आणि वही. ही सामग्री प्रत्येक केंद्रात असते.

केंद्र आणि शाखा

आरोग्य केंद्राची काही कामे बँकेच्या शाखेशिवाय पुरी होत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाच्या थुंकीची तपासणी केंद्रामार्फत होते आणि क्षयरोग निघाला तर औषधे मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिल्या दीड-दोन महिन्यांतच खोकला थांबतो, वजन वाढू लागते, आणि उपचार सोडण्याचा मोह होतो. तो सोडला तर पुढचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होण्याची भीती असते. या काळात सकस आहार मिळावा म्हणून एप्रिल २०१८ पासून ‘निक्षय पोषण योजने’खाली रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. पहिल्या अपत्याच्या मातेस प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळणारे ५,००० रुपये हेही असेच. या रकमा रोखीने हातात पडत नाहीत, खात्यात जमा होतात.

अडचण उद्भवते ती येथे. आधारच्या आधारे पाठविलेले पैसे ज्या बँकेतील खाते आधारशी शेवटी जोडले गेले असेल, त्याच खात्यात जातात. लग्नापूर्वी माहेरच्या गावी उघडलेले खाते, सासरी उघडलेले दुसरे, आणि मधल्या काळात कुणा प्रतिनिधीने अंगठा घेऊन उघडून दिलेले तिसरे, अशी स्थिती असलेली स्त्री आपल्या पासबुकात नोंद नाही म्हणून आरोग्यसेविकेकडे विचारणा करते, आरोग्यसेविका तालुक्याला विचारते. आणि पैसे मात्र तिसऱ्याच खात्यात पडून असतात. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे शाखेत दोन मिनिटांत पाहता येते. केवायसीची कागदपत्रे जुनी झाल्याने व्यवहार थांबलेले खातेही असेच शाखेतच सुरळीत होऊ शकते. औषधे घेऊन अशक्त झालेल्या रुग्णास त्यासाठी दुसरी खेप घालावयास लावणे म्हणजे त्याची आणखी एक मजुरी बुडविणे होय.

केंद्रात जाताना आधार कार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत सोबत असावी. गरोदर स्त्रीने आणि बाळाच्या आईने माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तदाबाच्या रुग्णाने आपले उपचार कार्ड आणि उरलेल्या गोळ्या न्याव्यात. उरलेल्या गोळ्यांवरून किती दिवस चुकले हे डॉक्टरांना लगेच कळते. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, आणि दंडाला पट्टा बांधलेला असताना बोलू नये. तीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही ही तपासणी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रातच मागता येते. तेथून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला हवा असल्यास ‘ई-संजीवनी’ या दूरसेवेद्वारे समुदाय आरोग्य अधिकारी तो मिळवून देतात. महिन्याच्या ९ तारखेला रविवार किंवा सुटी आली, तर गरोदर मातांची तपासणी त्यापुढील कामाच्या दिवशी होते.