साठवलेला टीव्ही आणि जाहिरातींचा हिशोब

मागच्या व्याख्यानात आपण कॅसेटपर्यंत आलो होतो. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेटामॅक्स खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, घरी कार्यक्रम टेप करून नंतर पाहणं कायदेशीर ठरवलं. पण टेपमुळे सवयी फारशा बदलल्या नाहीत असं आम्हाला वाटतं. वेळ लावा, कोरी कॅसेट शोधा. एवढी यातायात रोज कोण करणार?

१९९९ मध्ये टिव्हो आणि रिप्लेटीव्ही आले ते हार्ड डिस्क घेऊन. हे यंत्र चालू चॅनेल सतत डिस्कवर उतरवत असतं, म्हणून तर चालू कार्यक्रमही मध्येच थांबवता येतो. मालिकेचं नाव एकदा सांगून ठेवलं की पुढचे भाग आपोआप साठतात. "आठला काय लागणार आहे?" याऐवजी लोक "आपल्याकडे काय साठलंय?" असं विचारू लागले.

आता पैशाचं बघू. फुकट टीव्हीचा सौदा साधा होता: कार्यक्रम आम्ही देतो, जाहिराती तुम्ही बघा. रिप्लेटीव्हीने जाहिराती आपोआप गाळायची सोय दिली, तेव्हा २००१ मध्ये वाहिन्या आणि स्टुडिओ थेट कोर्टात गेले. २००३ मध्ये तिची मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली. टिव्होने फक्त पुढे पळवायची सोय ठेवली, ती टिकली.

पण पळवणारा माणूस जाहिरात बघतच नाही का? गंमत अशी, की तो पडद्याकडे टक लावून बसतो, कारण कार्यक्रम कुठे सुरू होतो ते चुकवायचं नसतं. बॉस्टन कॉलेजच्या संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तर पळवताना नजर पडद्याच्या मधोमध खिळलेली. म्हणजे कंपनीचं नाव कोपऱ्यात टाकलं की वाया, मध्ये ठेवलं तर पळत्या चित्रातही दिसतं!

मोजणीही बदलावी लागली. २००७ पासून अमेरिकेत जाहिरातींचे दर ठरवताना तीन दिवसांच्या आत रेकॉर्डिंगवरून पाहिलेल्या जाहिरातीही धरू लागले, पळवलेल्या सोडून. आणि आपण टीव्ही बघतो तसं हे यंत्रही आपल्याकडे बघतं, बरं का. २००४ च्या सुपर बोलमध्ये जॅनेट जॅक्सनचा तो गाजलेला क्षण ग्राहकांनी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला, हे टिव्होनेच दुसऱ्या दिवशी जाहीर केलं होतं. घरोघरचे रिमोट मोजल्याशिवाय ते कळणार कसं?