जोडीतला मागे राहिलेला

आमच्या मसुरे गावात गडनदीच्या अल्याड भरतगड आणि पल्याड भगवंतगड असे दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत. मधे फक्त खाडीचं पाणी. अलीकडच्या एका बैलाला पलीकडे चिंदरला नेताना काय झालं, ती हकीकत आज सांगायची आहे. बैल आमच्याच घरचा होता. मी तीस वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली. जनावरांना टोचण्या दिल्या, जखमा शिवल्या. पण हा धडा मात्र निवृत्तीनंतर शिकलो, तोही चूक करून.

चांद्या आणि सोन्या ही आमच्या दादाची जोडी. दहा वर्षं एका जुवाखाली चाललेली. सोन्या डाव्या अंगाला, चांद्या उजव्या अंगाला. गोठ्यातही तसेच बांधलेले. २०२१ च्या पावसाळ्यात सोन्याला चरताना साप डसला आणि दुपारपर्यंत तो गेला. चांद्या तेव्हा दुसऱ्या कुणग्यात होता. त्याला कळू नये म्हणून आम्ही घाईघाईने खड्डा खणून सोन्याला पुरला. संध्याकाळी चांद्या गोठ्यात आला, डावीकडे वळून हुंगलं आणि हंबरायला लागला. रात्रभर थांबला नाही.

दादाचे गुडघे गेलेले. शेतीत पॉवर टिलर आलेला. एकटा बैल ठेवून करायचं काय? चिंदरला आमच्या ताईकडे एक गाय आणि तिची पाडी होती. ताई म्हणाली, आणा माझ्याकडे. मला वाटलं, जागा बदलली की विसरेल. चौथ्याच दिवशी तिन्हीसांजेला त्याला टेंपोत चढवला, वळसा घालून चिंदरला नेला आणि एका रिकाम्या मांगरात बांधून आम्ही परत आलो. गाय मांगराच्या मागच्या गोठ्यात, म्हणजे नजरेआड.

दोन दिवसांनी ताईचा फोन. दादाने घेतला, ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तो खाणा नाय रे. दावा तोडून खाडीकडे जावन उभो रवता." आम्ही गेलो तेव्हा चांद्या काठावर उभा होता, तोंड मसुऱ्याकडे. पोट आत गेलेलं, रवंथ बंद.

तापमान घेतलं. निरोगी बैलाचं साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं, याचंही तेवढंच. श्वास ठीक, पोटफुगी नाही. मी पिशवीतून औषध काढायला लागलो तसा दादा म्हणाला, "तो आजारी नाय, एकटो पडलोहा."

तुम्ही म्हणाल, जनावराला दुःख होतं की आपणच आपलं मन त्याच्यावर चिकटवतो? त्याच्या मनात काय असतं ते आपल्याला सांगता येणार नाही. पण त्याच्या शरीरात काय होतं ते मोजता येतं. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन विद्यापीठात क्रिस्टा मॅक्लेनन या संशोधिकेने गाईंच्या हृदयाचे ठोके मोजले. आवडत्या जोडीदारणीबरोबर कोंडलेल्या गाईंचे ठोके अनोळखी गाईबरोबर कोंडलेल्यांपेक्षा कमी भरले. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवरचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, खांद्याजवळ खाजवतात. नेमकं तिथे हाताने खाजवलं की घोड्याचे ठोके मंदावतात, असं त्यात आढळलं.

याचं कारण सोपं आहे. बैल काय, घोडा काय, ही कळपाची जनावरं. रानात त्यांची शिकार होते. एकाने पाठ टेकायची तर दुसऱ्याने कान टवकारून उभं राहायचं, हा त्यांचा करार. घोडा उभ्याने डुलक्या काढतो, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं. राखण करणारं कुणी नसेल तर काही घोडे आडवे व्हायलाच धजत नाहीत. म्हणूनच रेसच्या तबेल्यांमध्ये बिथरणाऱ्या घोड्याजवळ बकरी बांधायची जुनी चाल आहे. घोड्याला बकरीही चालते. एकटेपण चालत नाही.

आता आमची चूक लक्षात येईल. जोडीदार गेला, हा पहिला धक्का. तो पचायच्या आत आम्ही त्याचा गोठा, त्याची वाट आणि त्याचा माणूस, सगळंच काढून घेतलं. वर रात्रीच्या अंधारात अनोळखी जागी एकटा बांधला. मोकळ्या मनाने सांगतो, माणसाशी आपण असं वागत नाही.

चांद्याला आम्ही पायी परत आणला. गोठ्यात आल्यावर पहिल्याच रात्री त्याने थोडा पेंढा खाल्ला. पण गव्हाणीतला डावीकडचा पेंढा तसाच ठेवला. तो सोन्याचा वाटा होता. पुढे कितीतरी दिवस तो गोठ्याच्या उजव्या अर्ध्यातच उभा राहायचा.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. आधी सोबत, मग जागा, आणि काम सगळ्यात शेवटी, असा क्रम ठरवला. ताईची पाडी मसुऱ्याला आणली. बाहेरून आलेलं जनावर रोगाच्या भीतीने दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं लागतं. म्हणून तिला पलीकडच्या पडवीत, दिसेल पण तोंड लागणार नाही अशा अंतरावर बांधली. तिचं पाणी वेगळं, गव्हाण वेगळी. पहिल्या दिवशी चांद्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. आठवड्याने तिच्या दिशेने तोंड करून बसला आणि रवंथ करू लागला. धडधाकट गुरं दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करतात. रवंथ सुरू झालं की जनावर सावरलं म्हणायचं. तीन आठवड्यांनी दोघांना शेजारी बांधलं.

दिवाळीनंतर एके सकाळी उन्हाच्या आत दोघं चालत चिंदरला निघाली. पुढे पाडी, मागे चांद्या, सोबत दादा. चांद्याचं जुनं दावं आणि त्याच्या अंगाखालचा वास लागलेला पेंढा पोत्यात भरून बरोबर घेतला. नव्या गोठ्यात तो पेंढा त्याच्या जागेवर पसरला आणि त्याला उजव्या अंगालाच बांधलं. पाडीला तो गोठा ओळखीचा होता, ती निवांत खायला लागली. एक जनावर बिनघोर खाताना दिसलं की दुसऱ्यालाही धीर येतो. दादा पाच रात्री ताईकडे राहिला. वेळ तीच, चारा तोच, हात तोच. सहाव्या दिवसापासून भाचा पेंढा घालू लागला.

ज्यांच्या गोठ्यात किंवा तबेल्यात अशी वेळ येईल, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. घोडे पाळणारे अनुभवी लोक मागे राहिलेल्या घोड्याला मेलेला जोडीदार पाहू देतात, हुंगू देतात. त्यामुळे त्याची शोधाशोध कमी होते, असा त्यांचा अनुभव. आम्ही सोन्याला लपवून पुरला, ते नसतं केलं तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. पण मरण संसर्गाचं असेल तर हे मुळीच करू नये. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रात हजारो जनावरं दगावली, कित्येक जोड्या फुटल्या. अशा वेळी, किंवा फाशीचा नुसता संशय असला तरी, मेलेल्या जनावराजवळ दुसऱ्याला फिरकू देऊ नये. डॉक्टरांना कळवावं आणि खोल पुरावं.

दुसरी गोष्ट, "एकटा पडलाय" म्हणून आजाराकडे डोळेझाक नको. एक दिवस चारा सुटला तर बैलाला डॉक्टरांना दाखवा. घोड्याने खाणं सोडलं तर तेवढीही वाट पाहू नका, कारण त्याला पोटशूळ जिवावर बेततो. आधी आजार नाही याची खात्री करायची, मग मनाचं पाहायचं.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, असं आपण म्हणतो, तेही बहुधा टोमणा म्हणून. त्याच म्हणीत बायाबापड्यांनी आणि शेतकऱ्यांनी हेरलेलं एक खरं आहे. शेजारी कोण बांधलंय, यावर जनावराचं खाणंपिणं, झोपणं, धीर सगळं अवलंबून असतं.

चांद्या पुन्हा जोताला लागला नाही. भाच्यानेही आग्रह धरला नाही. गेल्या खेपेला चिंदरला गेलो तेव्हा संध्याकाळचा पेंढा घालत होते. चांद्या नेहमीप्रमाणे उजवीकडे उभा होता आणि गव्हाणीतला डावीकडचा वाटा त्याने तसाच ठेवला होता. तो वाटा पाडी, आता चांगली गाय झालेली, सावकाश खात होती.