उभे राहणे

गेल्या वर्षी १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाच्या वेळी रांगेत ‘सावधान’ स्थितीत उभा असलेला आठवीतील एक विद्यार्थी एकाएकी कोसळला. रांगेत हशा पिकला. “एवढेही उभे राहवत नाही काय?” असे मीही त्यास बोललो. त्या बोलण्याचा मला पुढे पश्चात्ताप झाला. कारण तो मुलगा आज्ञेबरहुकूम अगदी निश्चल उभा होता आणि तेच त्याला भोवले होते.

दोन पायांवर स्थिर उभे राहणे ही वस्तुतः अखंड चाललेली हालचालच होय. आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या किंचित खाली, ओटीपोटाच्या आत असतो. त्यातून जाणारी लंबरेषा पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते तोवर तोल राहतो. ती बाहेर गेली की मनुष्य पडतो. पावले जुळविली असता ही जागा वीतभर रुंदीचीच! म्हणून शरीर सारखे पुढे-मागे सूक्ष्म झुलत असते. डोळे, तळपाय व कानाच्या आतील तोल जाणणारे इंद्रिय यांच्याकडून मेंदूस वर्दी पोहोचते आणि पोटरीचे स्नायू तोल सावरून घेतात.

या पोटऱ्यांकडे दुसरेही एक काम आहे. आपण उभे राहिलो की सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त खाली उतरते. पोटऱ्या आवळल्या की आतील शिरा दाबल्या जाऊन ते वर ढकलले जाते, आणि शिरांतील झडपा त्यास परत फिरू देत नाहीत. पाय मुळीच हलले नाहीत, वर ऊन आणि पोटात अन्न नाही, अशा वेळी मेंदूस रक्त अपुरे पडून डोळ्यांपुढे अंधारी येते. पडल्यावर शरीर आडवे होते व रक्त पुन्हा मेंदूकडे वाहू लागते. म्हणजे पडणे हाच एक प्रकारे निसर्गाचा उपचार. अशा माणसास निजवून त्याचे पाय थोडे उंच करावयाचे असतात. आम्ही मात्र त्या मुलास काखेत धरून तत्काळ उभे केले होते!

शिल्पकारांनी हे मर्म फार पूर्वी डोळ्यांनी हेरले होते. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली काशाची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. ती सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असते. तिचा उजवा हात कमरेवर असून एक गुडघा किंचित वाकलेला आहे. ग्रीसमधील जुने पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे असत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लायटस याने भालाधारी पुरुषाचा पुतळा घडविला, त्यात सारा भार उजव्या पायावर आहे. डावी टाच उचललेली, कंबर एका अंगास कललेली आणि खांदे उलट दिशेस! मूळ धातूचा पुतळा नष्ट झाला. रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृतींवरून आपण त्याची कल्पना करतो.

आपल्या मूर्तिशास्त्रात समभंग, अभंग आणि त्रिभंग असे भेद आहेत. (हा अभंग अर्थातच तुकोबांचा नव्हे, येथे त्याचा अर्थ किंचित बाक असलेली मूर्ती.) पंढरीचा विठ्ठल दोन्ही पावले सारखी ठेवून उभा आहे, तो समभंग. मान, धड आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळण घेणारा त्रिभंग ओडिसी नृत्यात आजही पाहावयास मिळतो. भरतनाट्यम् नर्तकी गुडघे बाहेर वळवून अर्धी बसते, आणि आखाड्यातला मल्ल पाय फाकवून, कंबर खाली घेऊन पवित्रा धरतो. दोघांचेही वजन जमिनीजवळ येते, मात्र मल्लाला ढकलणारा समोर उभा असतो, एवढाच काय तो भेद.

यंदा ध्वजवंदनापूर्वी मी रांगेस सांगितले : न्याहारी करून या, गुडघे करकचून ताणू नका आणि बुटांतल्या बुटांत पायांची बोटे हलवीत राहा. तो मुलगा पहिल्या रांगेत शेवटपर्यंत उभा होता. बोटे हलत होती की नाही, ते बुटांमुळे दिसले नाही.